अब्बांचा कान

इतवारीत पत्ता विचारला तर लोक घराचा नंबर सांगत नाहीत, ओळ सांगतात. किराणा ओळ, लोहा ओळ, सराफा, पलीकडे मस्कासाथ, अलीकडे गांधीबागचा कापडबाजार. आमचे गॅरेज यांतल्या कुठल्याच ओळीत बसत नव्हते. लोहा ओळीच्या मागे एक बोळ आहे. त्या बोळात दोन गाड्या आत आणि एक अर्धी बाहेर, एवढीच आमची जागा. अर्ध्या बाहेर असलेल्या गाडीवरून हमाल, हातगाड्या आणि सायकलरिक्षा यांच्याशी रोज एकदा तरी बोलाचाली व्हायची. मोमीनपुऱ्यातल्या घरून अब्बा सकाळी फजर आटोपून, चहा पिऊन चालत यायचे. शटर उघडले की पहिले काम लोबान जाळण्याचे आणि दुसरे पाने मोजण्याचे.

आम्ही दोघे भाऊ याच बोळात वाढलो. थोरला दहावीनंतर गॅरेजमध्येच बसला. धाकट्याने आयटीआय केले आणि मग तोही तिथेच आला. पण इतवारीत गॅरेज आमच्या नावाने कधीच ओळखले गेले नाही. ते अब्बांच्या कानाचे गॅरेज होते. गाडी बोळाच्या तोंडाशी आली की अब्बा आतूनच सांगतात, तिसरा प्लग मारत नाही, असे लोक म्हणायचे. ऐकणाऱ्याला वाटायचे, या माणसाला काही तरी वेगळी देणगी आहे. आम्हालाही तसेच वाटायचे. म्हणूनच २००३ सालच्या त्या उन्हाळ्यात जे झाले ते सांगायला आम्हाला एवढी वर्षे लागली.

गांधीबागेत कापडाचा व्यापार करणारे एक कुटुंब होते. त्यांच्या तीन पिढ्यांच्या गाड्या आमच्याकडे. आजोबांची फियाट अकराशे अब्बांनी आपल्या उस्तादांच्या हाताखाली असताना धुतलेली. पुढे त्याच घरात पद्मिनी आली. मुंबईतल्या कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी हीच गाडी १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी या नावाने विकली जाऊ लागली होती. चार सिलिंडर, १०८९ सीसी, ताकद चाळीस हॉर्सपॉवरच्या आसपास. आजच्या पोरांना हसू येईल, पण त्या काळी मद्रासजवळच्या शोलावरमच्या जुन्या विमानपट्टीवर शर्यती व्हायच्या आणि तिथे फियाट पळायच्या. हेड घासून, कार्बोरेटर बदलून, सायलेन्सर मोकळा करून याच इंजिनातून लोक वेग काढायचे. त्या शर्यतींच्या गोष्टी आमच्या बोळापर्यंत यायच्या.

नातवाने त्या गोष्टी कुठून तरी वाचल्या. घरची पद्मिनी १९८२ ची. नवी गाडी आल्यावर ती अंगणात उभी राहिली होती. तो एक दिवस ती आमच्याकडे घेऊन आला आणि म्हणाला, "भाऊ, हिला स्पोर्ट्स कार करायची."

अब्बा घरी होते. गेले वर्षभर आम्ही त्यांना घरीच बसवायला लागलो होतो. त्यांना ऐकू कमी येत होते. गिऱ्हाईक एक सांगायचे, अब्बा दुसरेच काम करून ठेवायचे. कानाच्या डॉक्टरांनी आलेख काढून दाखवला होता. वर्षानुवर्षे गोंगाटात काम करणाऱ्यांचे आधी बारीक, उंच आवाज जातात, मग हळूहळू बोलणे तुटक ऐकू येऊ लागते. इंजिन, हातोडा, लोहा ओळीतले सळ्यांचे खणखणाट. चाळीस वर्षांचा हिशेब त्या कागदावर होता. आम्ही त्यांना म्हणालो, "अब्बा, आता आराम करा." त्यात प्रेम होते, हे खरे. पण ज्या माणसाचे नाव कानावर चालले, तोच कान गेल्यावर त्यांना गॅरेजात कशाला बसवायचे, हाही विचार होता. तो आम्ही एकमेकांजवळही बोललो नाही.

तर गाडी आम्ही घेतली. फेब्रुवारीत तीन आठवडे काम चालले. हेड घासून कॉम्प्रेशन वाढवले. मोठा कार्बोरेटर बसवला. सायलेन्सर बदलला. डॅशबोर्डवर आरपीएमचा काटा लावला. आणि इतके केले आहे तर सगळेच नवे असू दे म्हणून प्लग, सीबी पॉइंट, कंडेन्सर, एचटी वायर असे सारे एकदम बदलले. गाडी उठली तेव्हा बोळातली कबुतरे उडाली. पोरगा खूश, आम्हीही खूश.

दुसऱ्याच दिवशी तो परत आला. गाडी साडेचार हजार आरपीएमपर्यंत उत्तम जाते आणि तिथे पोचली की मिसिंग मारते. भर्र भर्र करता करता फट्, फट्, झटके. पाय थोडा सोडला की पुन्हा शहाणी.

इथून पुढचे तीन महिने आम्ही काय काय केले ते सांगतो. या धंद्यातला नसलेला वाचकही हे समजू शकेल, कारण आजार शोधण्याची रीत सगळीकडे एकच असते आणि ती चुकवण्याची रीतसुद्धा.

आधी आम्ही पेट्रोलवर संशय घेतला. जास्त वेगात इंजिनाला जास्त पेट्रोल लागते, ते पुरत नसेल. एप्रिल लागला होता आणि नागपूरचा पारा चढत होता. आपल्याकडे मे महिन्यात ४५-४६ अंश ही काही बातमी नसते. अशा उन्हात पंपातल्या पेट्रोलची वाफ होते आणि गाडी गुदमरते. म्हणून पंपावर ओले फडके बांधले. त्या काळी भंडारा रोडवर दर चौथ्या गाडीच्या बॉनेटखाली असे फडके असायचे. फरक पडला नाही. टाकीच्या झाकणाचे हवेचे छिद्र साफ केले. कार्बोरेटरचा जेट मोठा केला, मग त्याहून मोठा. शेवटी बाटलीत पेट्रोल भरून ती बॉनेटजवळ उंच टांगली आणि नळीने थेट कार्बोरेटरला दिली. पंप नाही, टाकी नाही, मधली नळी नाही. तरीही साडेचार हजारावर फट्, फट्. तिथेच आम्ही समजायला हवे होते की पेट्रोलचा विषय संपला. पण आम्ही जेट बदलतच राहिलो, कारण जेट बदलणे सोपे होते.

मग ठिणगीकडे वळलो. हेड घासले म्हणजे सिलिंडरमध्ये दाब वाढला. दाब वाढला की प्लगच्या फटीतून ठिणगी उडायला जास्त व्होल्टेज लागते. कॉइल कमी पडत असणार. भारी कॉइल आणली. तिचे पैसे पोराने दिले. डिस्ट्रीब्यूटरचे झाकण बदलले, रोटर बदलला. त्याचेही पैसे त्यानेच दिले. प्लगची फट ०.६ मिलिमीटरवरून कमी केली. पॉइंटही पुन्हा बदलले. मार्केटमधून आम्ही एकदम दहा सेटचा खोका आणला होता, त्यातलाच दुसरा नवा कोरा सेट टाकला. फिलर गेजने फट मोजली, अगदी बरोबर. गाडी तशीच.

मे महिन्याच्या एका दुपारी थोरला आणि तो पोरगा भंडारा रोडवर ट्रायलला गेले. पारडीच्या पुढे एक ट्रक समोर होता. समोरून येणारी बस लांब होती. पोराने तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला आणि ट्रकच्या बरोबरीला आल्यावर काटा साडेचार हजारावर गेला. गाडीने मान टाकली. पुढे जाता येईना. मागे यावे तर मागची जीप ट्रकला चिकटून आलेली. बस मोठी होत गेली. ट्रकवाल्याने ब्रेक मारला म्हणून दोघे आज आहेत. थोरला संध्याकाळी गॅरेजमध्ये आला तेव्हा त्याच्या हाताला पाना धरवत नव्हता. त्याने फक्त एवढेच म्हटले, "ही गाडी आता बोळाबाहेर जाणार नाही."

ती गोष्ट घरी सांगायची नाही असे ठरले होते. पण अम्मीला कळले आणि अम्मीकडून अब्बांना. दुसऱ्या दिवशी असरच्या नमाजनंतर अब्बा गॅरेजमध्ये आले. वर्षभरात पहिल्यांदा. कोणाशी न बोलता गाडीभोवती एक फेरी मारली. आम्हाला वाटले, आता ते कान लावतील आणि ऐकू येणार नाही. सगळ्या बोळासमोर त्यांची लाज जाईल, ही भीती आम्हाला त्यांच्याहून जास्त होती. धाकटा तर म्हणालासुद्धा, "अब्बा, रहने दो, हम हेड खोलने ही वाले हैं." व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा नरम असतील, हा आमचा शेवटचा अंदाज होता. हेड पुन्हा उतरवायचे म्हणजे पोराचा आणखी मोठा खर्च.

अब्बांनी ते ऐकले नसावे. त्यांनी स्टुल ओढले आणि पोराला समोर बसवले. "बेटा, ज़ोर से बोलना," म्हणाले. मग त्यांनी एक एक प्रश्न विचारला. हे कधीपासून होते? काम झाल्यापासून. त्याआधी कधी? कधीच नाही. त्या दिवशी काय काय बदलले? ही यादी आम्हाला द्यावी लागली. यादी लांबत गेली तशी आमची मान खाली जात गेली. एका दिवशी आठ गोष्टी बदलल्या तर नववी अडचण कोणाच्या पोटातून आली ते कसे कळणार? अब्बा रागावले नाहीत. पुढचा प्रश्न विचारला: उभ्या गाडीत, न्यूट्रलमध्ये रेस दिली तर होते का?

आम्ही एकमेकांकडे पाहिले. पोराची तक्रार रस्त्यावरची होती, म्हणून आम्ही प्रत्येक वेळी रस्त्यावरच तपासत होतो. गॅरेजमध्ये एवढी रेस दिली की त्या सायलेन्सरने शेजारी भांडायला यायचे.

"देओ रेस," अब्बा म्हणाले.

धाकट्याने काटा चढवला. तीन हजार, चार हजार. साडेचार हजारावर तेच फट्, फट्. ज्या आकड्यावर रस्त्यावर व्हायचे, त्याच आकड्यावर उभ्या गाडीतही.

अब्बांनी हाताने बंद करा अशी खूण केली आणि जे सांगितले ते आम्ही आजतागायत आमच्या पोऱ्यांना सांगतो. उभ्या गाडीला ओझे नसते, तिला पेट्रोल थोडेसेच लागते. पेट्रोल कमी पडत असते तर ओझ्यावर आधी बिघडली असती, उभ्याने नाही. कॉइल नरम असती तरी तेच. उभ्या गाडीत सिलिंडर अर्धवट भरतो, दाब कमी, तिथे नरम ठिणगीही चालून जाते. ओझे असो नसो, जो दोष एकाच आकड्यावर येतो, तो ताकदीचा दोष नाही. तो हलणाऱ्या वस्तूचा दोष आहे. काही तरी वेगाने उघडते-मिटते आणि त्या वेगाला मिटायला विसरते. अशा वस्तू इंजिनात दोनच. व्हॉल्व्ह किंवा पॉइंट.

"पॉइंट तर नवे आहेत अब्बा, दोनदा बदलले," आम्ही दोघेही एकदम म्हणालो.

अब्बांनी उत्तर दिले नाही. अंधार पडायची वाट पाहिली. मगरीबनंतर बोळातला दिवा बंद करायला लावला आणि टायमिंग लाइट काढला. पहिल्या प्लगच्या वायरला तो जोडला की ठिणगी पडेल तेव्हा तो चमकतो आणि फिरत्या पुलीवरची खूण एका जागी थिजल्यासारखी दिसते. आम्ही पुलीवरच्या खुणेला खडूने पांढरे केले. दोन हजारावर खूण दगडासारखी स्थिर. चार हजारावर स्थिर. साडेचार हजारावर खूण थरथरू लागली, मग इकडेतिकडे उड्या मारू लागली, मध्येच दिसेनाशी झाली. व्हॉल्व्ह तरंगत असते तर ठिणगी आपल्या वेळेवर पडली असती आणि खूण जागेवर राहिली असती. म्हणजे हेड निर्दोष होते. ठिणगीच वेळ चुकत होती.

हे अब्बांनी कानाने नाही, डोळ्याने पाहिले. अंधारात आम्हा तिघांनाही ते तितकेच दिसले.

मग झाकण काढून डिस्ट्रीब्यूटरचा दांडा दोन बोटांत धरून हलवला. बुश झिजले असते तर दांडा डुलला असता आणि खूण सगळ्याच वेगात थरथरली असती. दांडा घट्ट. उरले पॉइंट. अब्बांनी आम्हाला सराफ्यातल्या ओळखीच्या दुकानातून छोटा स्प्रिंगकाटा आणायला पाठवले. पॉइंटच्या हाताला हूक अडकवला आणि हळू ओढले. चांगल्या पॉइंटची स्प्रिंग उघडायला अर्ध्या किलोच्या वर ओढ लागते. आमचा नवा पॉइंट तीनशे ग्रॅमवरच उघडला. खोक्यातला दुसरा घेतला, तोही तसाच. सगळे तसेच.

आता हिशेब पाहा. चार सिलिंडरचे इंजिन एका फेऱ्यात दोन ठिणग्या मागते. साडेचार हजार आरपीएमला सेकंदाला १५० ठिणग्या. म्हणजे तो एवढासा पॉइंट सेकंदाला १५० वेळा उघडतो आणि १५० वेळा मिटतो. प्रत्येक खेपेला हातात साडेसहा मिलिसेकंदांच्या आसपास, आणि तेवढ्यात मिटून राहून कॉइलही भरायची. स्प्रिंग नरम असेल तर पॉइंट मिटताना उसळतो, नीट मिटतच नाही, कॉइल रिकामी राहते. आयडलवर तेच काम सेकंदाला पंचवीस-सत्तावीस वेळा असते, तिथे नरम स्प्रिंगही इज्जत राखते. फट मोजून हे कधीच कळले नसते. फट उभ्या पॉइंटची असते, दोष धावत्या पॉइंटचा होता.

अब्बांनी बिस्किटाच्या जुन्या डब्यातून, कुठल्याशा भंगारात गेलेल्या टॅक्सीचा काढून ठेवलेला पॉइंट घेतला. कानशीने तोंड साफ केले, काट्यावर ओढून पाहिले, बसवला. धाकट्याने रेस दिली. चार हजार, साडेचार, पाच. खूण जागेवरून हलली नाही. बोळातून कोणीतरी ओरडले, "बंद करा बे, झोपू द्या!" तो ओरडा अब्बांना ऐकू आला नाही, पण आम्ही हसलो म्हणून तेही हसले.

पोराने पाया पडण्यासाठी वाकायला घेतले. अब्बांनी त्याला धरले आणि आम्हाला म्हणाले, "खाता लाओ."

त्या रात्री आम्हाला सगळ्यात जड गेले ते हे. वही उघडून अब्बांनी फेब्रुवारीपासूनच्या ओळी वाचायला लावल्या. कॉइल, झाकण, रोटर, जेट, प्लग, मजुरी, मजुरी, मजुरी. यांतले जे गाडीला लागतच नव्हते त्याचे पैसे परत. मजुरी सगळी परत. पोरगा नको म्हणू लागला. "चाचा, तुमची काय चूक? माल डुप्लिकेट निघाला, दुकानदाराची चूक आहे." अब्बांनी सांगितले की गाडी अमानत असते. दुकानदाराने आम्हाला फसवले असेल किंवा तो स्वतःही फसला असेल, ते आमचे आणि त्याचे. तुला गाडीत आम्ही बसवले. आणि परवा ट्रकच्या बाजूला तुला आम्ही पाठवले.

थोरल्याने दुसऱ्या दिवशी खोका परत नेला. दुकानदार म्हणाला, बाकी कोणाची तक्रार नाही. ते खरेही असेल. साध्या गाड्या कुठे साडेचार हजारावर जातात? त्याचा माल त्या वेगापर्यंत पोचलाच नाही, म्हणून इमानदार राहिला. पैसे परत करायला आम्हाला चार महिने लागले. त्या ईदला घरात कोणाचे नवे कपडे झाले नाहीत आणि अम्मी एका शब्दानेही बोलली नाही.

काही दिवसांनी थोरल्याने धीर करून अब्बांना विचारले. कानाशी तोंड नेऊन, जोरात. "अब्बा, तुमचा कान गेला तरी तुम्ही शोधले कसे?" अब्बा बराच वेळ बोल्ट साफ करत राहिले. मग म्हणाले, "कान से कभी ढूँढा ही नहीं बेटा. लोग बोलते थे, मैंने बोलने दिया." गिऱ्हाईक बोळात शिरता शिरता ते त्याला चार प्रश्न विचारायचे, टायरची धूळ पाहायचे, सायलेन्सरच्या तोंडाचा रंग पाहायचे, गाडी मागच्या खेपेला कधी आणि कशासाठी आली होती ते आठवायचे. आवाज शेवटी, खात्री करायला. उस्तादांनी त्यांना हेच शिकवले होते. आधी विचार, मग पाहा, मग एकच वस्तू बदल आणि पुन्हा पाहा. आम्ही मात्र लहानपणापासून फक्त कानाची गोष्ट ऐकली. त्यामुळे कान गेला तेव्हा अब्बाच गेले असे धरून चाललो. त्यांच्याजवळ विचारण्यासारखे अजून पुष्कळ होते, पण जोरात बोलण्याचा आम्हाला कंटाळा होता.

त्यानंतर अब्बा रोज येऊ लागले. गिऱ्हाइकाशी बोलायला आमच्यातला एक जण मध्ये उभा राहायचा, तोंड त्यांच्या कानाशी. ते आणखी आठ वर्षे स्टुलावर बसले. २०११ च्या पावसाळ्यात गेले. मातीला गांधीबागचे ते तिन्ही पिढ्यांचे घर आले होते, वयाने थकलेले शेठजीसुद्धा.

आता पॉइंटच्या गाड्या संपल्या. मुंबईतली काळी-पिवळी पद्मिनीसुद्धा ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस रस्त्यावरून कायमची उतरली. आमची मुले गाडीला स्कॅनर लावतात. इंजिनातला संगणक क्रँकच्या फिरण्यातला बारीकसा अडखळा मोजतो आणि कोणता सिलिंडर मिसिंग करतो तेही सांगतो: पी-०३०१ म्हणजे पहिला, पी-०३०२ म्हणजे दुसरा. उत्तम सोय आहे. पण कोणता ते कळते, का ते कळत नाही. तो आकडा वाचून मुले लगेच कॉइल मागवतात. गेल्या हिवाळ्यात एक गाडी अशीच तिसऱ्यांदा परत आली. मुलगा म्हणाला, "कॉइल तर नवीच आहे." आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले. धाकट्याने स्टुल ओढले आणि गिऱ्हाइकाला समोर बसवून विचारले, "हे कधीपासून होते?"

स्प्रिंगकाटा आम्ही सराफ्याला परत केला नाही, विकत घेतला. शटरच्या आत, लोबानदानीच्या वरच्या खिळ्याला तो टांगलेला आहे. वर्षातून एखादी जुनी फियाट हौसेने ठेवणारा कोणी येतो, तेव्हा तो खाली उतरतो.